बाहेरची एकतीस नंबर

३ मे

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळं ठीक. फोन केला असता, पण फोन ह्यांच्या चष्म्याच्या दुकानात, आणि डोळे तपासायला आलेली माणसं कान लावून बसतात. म्हणून पत्र.

बातमी अशी, की तुझ्या आत्याने अर्ज लिहिलाय. साधासुधा नाही, दोनशे बारा सह्यांचा. पहिली सही माझी.

गेल्या वर्षी आमच्या शहराला हॉकीची व्यावसायिक टीम मिळाली, ते तुला माहीतच आहे. छातीवर शहराचं नाव आणि आत मुली कुठकुठल्या! अठरा जणींत आमच्या दोन. बाकीच्या सोळा जणी हंगाम संपला तशा बॅगा भरून निघून गेल्या. आणि टीम आली शेवटून पहिली. मी म्हणते, हरायचंच होतं तर घरच्या मुलींना घेऊन हरता आलं नसतं का?

म्हणून अर्जात दोन मागण्या. निदान नऊ मुली इथल्या घ्या. आणि गोलकीपर इथलीच हवी. गोलकीपर म्हणजे घराची कडी. ती कोणी परक्याच्या हातात देतं का?

मुलगीही आहे आमच्याकडे. समोरच्या शिवणकामवाल्या बाईंची लेक. उंच आणि काटकुळी, म्हणून सगळी गल्ली तिला सुई म्हणते. रोज पहाटे इमारतीच्या मागच्या भिंतीवर बॉल आपटून आपटून अडवायचा सराव करते. आधी लोक कटकट करायचे, आता त्या आवाजावर उठतात.

माझी वही आठवते ना? आपली गॅलरी मैदानाच्या उत्तरेकडच्या गोलाच्या बरोबर डोक्यावर. गेली आठ वर्षं भाजी निवडता निवडता मी लिहिते: फटका कुठून आला, डावीकडे की उजवीकडे, अडला की गेला. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून केलेली ही सहावी वही. शाईने लिहायचं, खोडायचं नाही. अर्ज दिल्यापासून दोन रकाने आखलेत: ‘आपल्या’ आणि ‘बाहेरच्या’. विसाव्या तारखेपासून तीन दिवस निवड चाचणी आहे, तेव्हा कळेलच.

तुझी आई म्हणते, तुला वाचनालयात कायमची जागा मिळतेय. घे गं बाई. सव्वीस वर्षांची झालीस, अजून किती दिवस स्टिक घेऊन पुढे पुढे धावणार?

तुझी
आत्या

*

९ मे

आतोबा,

नमस्कार. हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. वाचून झालं की चष्म्याच्या एखाद्या रिकाम्या डबीत घालून ठेवा, आणि ती डबी चुकूनही विकू नका.

आत्याच्या टीमसाठी मी मार्चमध्येच नाव दिलंय. तिच्या अर्जाच्या आधी, देवाशप्पथ. चाचणीला बोलावणं आलंय. आणि खरी पंचाईत पुढेच आहे. मी आता पुढे धावत नाही. चार वर्षांपूर्वी गुडघा दुखावला तेव्हापासून गोलात उभी राहते. आईने आत्याला सांगितलं नाही, कारण गोलात उभं राहणं म्हणजे अंगावर दगड घेणं असं आत्या म्हणते.

म्हणजे जी जागा सुईला मिळावी म्हणून आत्याने दोनशे बारा सह्या गोळा केल्या, त्याच एका जागेसाठी मी येतेय.

तिला सांगितलं तर काय होईल? भाचीसाठी अर्ज मागे घेतला, तर गल्लीत तिला मान वर करून चालता येणार नाही. नाही घेतला, तर आतल्या आत झुरेल. आणि निवड झालीच, तर लोक म्हणतील आत्याच्या वशिल्याने झाली. तेव्हा मी मैदानाच्या वसतिगृहातच उतरणार. हेल्मेट घातल्यावर मला आरसासुद्धा ओळखत नाही.

वाचनालयाला १० जूनच्या आत उत्तर द्यायचंय. यंदा नाही झालं तर नाहीच. सत्ताविसाव्या वर्षी नवी गोलकीपर कोणी घेत नाही. म्हणून एकदाच येऊन बघते. सांभाळून घ्या.

भिंगरी

*

१४ मे

चि. भिंगरीस,

पत्र पोचलं, डबीत गेलं. तुझ्या आत्याचा लांबचा चष्मा बदलायला झालाय. फ्रेम तयार आहे. काचा, मी सांगितल्याप्रमाणे, ‘अजून आलेल्या नाहीत’. तेवीस तारखेपर्यंत येणारही नाहीत. बॉल आणि नंबर तिला दिसतात, चेहरे दिसत नाहीत. बत्तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पहिल्यांदा फसवतोय, तेही बायकोला. पॅड घट्ट बांध.

आतोबा

*

१६ मे

प्रिय आत्या,

आधी नमस्कार, मग भांडण.

मला या महिन्यात तुझ्याकडे राहायला यायला जमणार नाही, कामासाठी बाहेरगावी जायचंय. अर्जाचं वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. तू म्हणतेस इथल्याच मुली घ्या. पण आमच्या गावाला टीमच नाही गं. टीम असलेली शहरं सहा. सगळ्यांनी घरच्याच घेतल्या, तर बाकीच्या गावांतल्या मुलींनी कुठे जायचं? त्यांनी काय फक्त भिंतीवर बॉल आपटायचा?

आणि इथली म्हणजे कोण? तू लग्न होऊन तिथे आलीस ना? पहिल्या वर्षी त्या गल्लीत तुला कोणी पाणी तरी विचारलं होतं का? आज त्याच गल्लीच्या अर्जावर पहिली सही तुझी.

वाचनालयाचं बघते. तू वही लिही, मात्र खरं लिही.

भिंगरी

*

२१ मे

चि. भिंगरी,

वही खरंच लिहिते मी, ते तुझ्याकडून शिकायला नको! आणि पाण्याचं म्हणशील तर शिवणवाल्या बाईंनी विचारलं होतं, पहिल्याच दिवशी. म्हणून तर त्यांच्या लेकीसाठी सह्या मागत तीन-तीन जिने चढले.

आता ऐक. चाचणीचे दोन दिवस झाले आणि माझं डोकं उठलंय. गोलकीपर दोनच उरल्यात. आमची सुई, आणि एक बाहेरची, एकतीस नंबर. बाई आहे की दरवाजा? काल आमच्या मुलींनी तिच्यावर बारा फटके मारले, गेला एक. एकच! दूधवाल्याची मुलगी, जिच्या फटक्याने गेल्या वर्षी तळमजल्याची काच फुटली, तिचा बॉल ह्या बयेने पायाने असा बाजूला सारला, जसं काही दारातलं पायपुसणं सरळ करतेय. मला राहवलं नाही. मी गॅलरीतून ओरडले, “अगं बाजूला हो की जरा!” तर तिने वर बघून ग्लोव्हज घातलेला हात हलवला. काय तो आगाऊपणा!

आणखी एक. खेळ सुरू व्हायच्या आधी ती दोन्ही खांबांना स्टिकने टकटक करते, मग वाकून जमिनीला हात लावून कपाळाला लावते. तू लहानपणी माझ्या दारात आलीस की उंबऱ्याला असंच करायचीस. देवाला मानणारी दिसते, म्हणून जास्त बोलत नाही. पण आज तिच्या नावाने मी देवाला काही मागितलंही नाही.

सुई काल घाबरली होती. डावीकडचे तीन गेले. मी सूप करून पाठवलं, ते उभ्या उभ्याच प्यायली म्हणे. शिवणवाल्या बाई मशीनवर बसून नुसतं चाक फिरवतायत, खाली कापडच नाही.

तुझ्या आतोबांना म्हटलं, माझ्या काचा कधी येणार, अख्ख्या शहराला लांबचं दिसतं, दुकानदाराच्या बायकोला नाही. तर म्हणतात, माल अडकलाय.

तू विचारतेस, बाकीच्या गावांतल्या मुलींनी कुठे जायचं. त्यावर विचार करतेय.

आत्या

*

२४ मे

चि. भिंगरी,

हे पत्र मन लावून वाच आणि लगेच उत्तर दे.

परवा चाचणीचा शेवटचा दिवस होता. टर्फवर, म्हणजे मैदानातल्या त्या नकली गवतावर, खेळाआधी पाण्याचे फवारे सोडतात. त्या दिवशी खेळ संपल्यावर कोणीतरी चुकून पुन्हा सोडले. चाचणीची नोंद लिहिणाऱ्यांचं टेबल नेमकं मध्ये. तिन्ही दिवसांचे कागद भिजून लगदा. कॅमेरा एकच, तोही दक्षिणेकडच्या गोलावर. आणि दोन्ही गोलकीपर तिन्ही दिवस उत्तरेकडे, माझ्या गॅलरीखाली.

काल दुपारी टीमची कोच घरी आली. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून आम्ही तिला शिट्टीबाई म्हणतो. जिने चढून दमली होती. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “काकू, इथे वर बसून लिहिणारी बाई कोण, ते अख्ख्या मैदानाला ठाऊक आहे. निवड समितीतले दोघे सुईच्या बाजूने आहेत, दोघे एकतीसच्या. नुसती आठवण सांगून भांडतायत. तुमची वही मिळेल का? तीस तारखेला बैठक आहे, अठ्ठावीसपर्यंत द्या.”

मी म्हटलं, “बघून सांगते.” बघायचं काय त्यात? मला पाठ आहे. सुईवर तेहतीस फटके, अडवले बावीस. एकतीस नंबरवर चौतीस, अडवले एकोणतीस. माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत.

संध्याकाळी शिवणवाल्या बाई आल्या. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “वही हरवली म्हणा की. वह्या हरवतात. मी कधी काही मागितलंय का तुमच्याकडे?”

नाही गं मागितलं त्यांनी कधी. तीस वर्षांत नाही. माझ्या आजारपणात महिनाभर डबा त्यांनी दिला.

अर्ज मी लिहिला. पहिली सही माझी. आणि आता माझीच वही त्याच्या उलट बोलतेय. देवापुढे बसले, दिवा लावून तशीच उठले. तुझे आतोबा म्हणाले, “हा प्रश्न मला विचारू नकोस,” आणि दुकान उघडायला निघून गेले, तेही सुट्टीच्या दिवशी! तूच सांग. तुला यात कोणाची बाजू नाही.

आत्या

*

२७ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं.

मला विचारू नकोस गं. माझी बाजू आहे. एकतीस नंबर मीच आहे.

रागाव, पण पुढचं वाच. नाव मी तुझ्या अर्जाच्या आधी दिलं होतं. बाहेरगावी काम होतं ते खरं, फक्त ते तुझ्या गॅलरीखाली होतं. तू “बाजूला हो” ओरडलीस तेव्हा हेल्मेटमध्ये मी इतकी हसले, की पुढचा बॉल दिसलाच नाही. पहिल्या दिवशी गेलेला तो एक गोल तुझ्यामुळे गेला.

वही दे असं मी म्हणणार नाही. देऊ नकोस असं तर मुळीच म्हणणार नाही. माझ्यासाठी दिलीस तर ती खरी राहणार नाही, आणि माझ्यासाठी लपवलीस तरीही नाही. सुई चांगली खेळते. फक्त डावीकडे झुकताना उजवा पाय आधी उचलते. तिला कोणी सांगितलेलं नाही, इतकंच.

वाचनालयाला होकाराचं पत्र लिहून ठेवलंय. पाकिटावर तिकीटही लावलंय. पेटीत टाकायचं बाकी आहे.

भिंगरी

*

२७ मे

चि. भिंगरी,

तुझं उत्तर यायच्या आत वही देऊन टाकली. रागावू नकोस. थांबले असते तर माझंच मन बदललं असतं.

काल सकाळी सुईला वर बोलावलं. म्हटलं, जिच्याबद्दल लिहिलंय तिने आधी बघावं. तिने सगळी पानं बोट फिरवून वाचली. मग म्हणाली, “काकू, डावीकडचे नऊ गेलेत माझे. मला पाचच वाटले होते.” मग स्वतःच वही मिटून माझ्या हातात दिली. “द्या तुम्ही. हरवली म्हणून मी आत गेले, तर ती एकतीस नंबर रोज माझ्या डोळ्यांसमोर उभी राहील.”

तीन जिने उतरून मीच नेऊन दिली. शिट्टीबाई उभीच राहिली. म्हणाली, “काकू, अर्ज तुमचाच ना?” मी म्हटलं, “अर्जही माझा, वहीही माझी. अर्जात मी मागितलंय, वहीत मी पाहिलंय.”

शिवणवाल्या बाई बोलत नाहीत. उसवलेली पिशवी टाके घालायला दिली होती, ती तशीच परत आली, दाराच्या कडीला अडकवून. पिशवीकडे बघून रडू आलं मला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, पण प्रश्न बरोबर होता.

आत्या

*

३१ मे

चि. भिंगरीस,

घाईत. तुझं पत्र काल अकराला पोचलं. तिने उभ्यानेच तीनदा वाचलं. मग सरळ दुकानात आली, तीन गिऱ्हाइकांसमोर. म्हणाली, “काचा काढा.” मी खणातून चष्मा काढून दिला. “कधीपासून तयार आहे?” “सोळा दिवस.” माझ्याशी अबोला आहे. चहा मात्र देते, साखर न घालता.

बैठक झाली, यादी मैदानाच्या फळ्यावर लागली. नवा चष्मा लावून तिने पहिल्यांदा वाचलं ते तेच: गोलकीपर, एकतीस. पाकीट पेटीत टाकू नकोस. टाकलं असशील तर पोस्टमनला गाठ.

आतोबा

*

२ जून

भिंगरे,

आशीर्वाद नाहीत. नंतर देईन, शेवटी.

एवढी मोठी झालीस का, की माझ्या घरापासून तीन जिने अंतरावर चार दिवस राहून वसतिगृहाचं जेवलीस? गोलात उभी राहतेस ते आईला माहीत, ह्यांना माहीत, मलाच नाही? अंगावर दगड घेणं आहे ते, अजूनही म्हणते. पण छान घेतेस.

गल्लीत आधी मीच सांगितलं, एकतीस नंबर माझ्या भावाची मुलगी. कोणी दुसऱ्याने सांगायच्या आत. दूधवाला म्हणाला, “म्हणूनच वही दिली का हो?” मी तुझं २७ तारखेचं पत्र आणि वही मिळाल्याची शिट्टीबाईची २६ तारखेची पोच दोन्ही समोर ठेवली. तारखा वाचून तो हसायला लागला. “सह्या दोनशे बारा आणि भाची गोलात!” आता भाजी घ्यायला गेले तरी लोक हसतात. हसू देत.

खूप विचार केला. निवडीच्या दिवशी इथली कोण नि तिथली कोण हे विचारायचंच कशाला? तोवर उशीर झालेला असतो. विचारायचं ते त्याच्या आधी. आमच्या मुलींना त्या हिरव्या टर्फवर कधी पाय ठेवू दिलाय? सुई भिंतीवर शिकली. उजवा पाय आधी उचलते हे तिला आठ वर्षांत कोणी सांगितलं नाही, मी रोज वरून बघत होते तरी नाही. मला डावं-उजवं लिहिता येतं, पायाचं कळत नाही.

म्हणून दुसरा अर्ज लिहिलाय. रोज सकाळी दोन तास टर्फ गल्लीतल्या मुलींना, आणि टीमच्या एका खेळाडूने त्यांना शिकवायचं. शिट्टीबाईने तिथल्या तिथे ‘हो’ म्हटलं. सुईला तिने सरावाची गोलकीपर म्हणून घेतलंय. यादीत नाव नाही, पण रोज टीमबरोबर. शिकवायला कोण, ते तुला कळलंच असेल.

सह्या घ्यायला आधी समोर गेले. शिवणवाल्या बाईंनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. सही केली. मग म्हणाल्या, “आणा ती पिशवी.” आणि वर म्हणाल्या, “त्या पोरीचा टीमचा शर्टही आणा. तयार शर्टाच्या बाह्या कायम लांब असतात. बॉल अडवताना मध्ये यायला नकोत.”

तू इथेच राहायचंस, वसतिगृहाचं नाव काढायचं नाही. गॅलरीतली खोली रिकामी केलीय. पण एक सांगून ठेवते. वहीत तू ‘बाहेरच्या’च्या रकान्यात आहेस. शाईने लिहिलंय. तिथून तुला हलवणार नाही.

अनेक आशीर्वाद. सोड आता ते वाचनालय.

तुझीच
आत्या

*

१८ ऑगस्ट

चि. भिंगरी,

तू घरून निघून तीनच दिवस झाले आणि खोलीत पाऊल टाकवत नाही. म्हणून टीमच्या मुक्कामाच्या पत्त्यावर चार ओळी.

हंगामातली पहिली मॅच आम्ही दुकानातल्या टीव्हीवर पाहिली. मी, हे, शिवणवाल्या बाई, दूधवाला आणि डोळे तपासायला आलेला एक अनोळखी माणूस. तो एका डोळ्यावर हात धरून शेवटपर्यंत बसला. सुई खाली बसून प्रत्येक फटक्याला “डावा, डावा!” ओरडत होती. तिचा पाय आता सुधारलाय, शिट्टीबाई म्हणाली. पुढच्या वर्षी तुझी खैर नाही.

जिंकलात, देवाची कृपा. ह्यांच्या चहात साखर घातली.

वही घेऊन बसले होते. सातवी वही, त्यात रकानेच आखलेले नाहीत. तुझ्यावर अकरा फटके आले, अडवलेस दहा. एक पायांमधून गेला. सगळे म्हणाले, काकू, टीव्हीवर तिरकं दिसतं, तो धरू नका.

लिहिलाय. घरचं माणूस म्हणून सोडलेला नाही.

आत्या